मणीचक्राच्या पोटातला कागद

मणीचक्र म्हणजे मंत्र लिहिलेल्या कागदाची, आसाभोवती फिरणारी गुंडाळी. तांब्याचा, पितळेचा, चांदीचा किंवा लाकडाचा दंडगोल हे तिचे आवरण. आवरणावर उठावाची अक्षरे आणि वेलबुट्टी असते आणि पाहुण्याची नजर तिथेच खिळते, पण चक्राचा जीव आत असतो. मधोमध एक दांडी असते. तिच्याभोवती छापील पट्ट्या घट्ट गुंडाळतात, वरून कापड लपेटतात, लामा तिची विधिवत प्रतिष्ठा करतात आणि मगच झाकण बसते. पट्ट्यांवर बहुतेक वेळा अवलोकितेश्वराचा सहा अक्षरांचा मंत्र असतो: ॐ मणि पद्मे हुं. चक्राचा एक फेरा झाला की आत जितक्या वेळा मंत्र लिहिला असेल तितक्या वेळा जप केल्याचे पुण्य मिळते, अशी श्रद्धा आहे. ही श्रद्धा मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. रामनामाने भरलेल्या वह्या मंदिराच्या पायात किंवा स्तंभात ठेवणाऱ्यांनाही लिहिलेल्या नामात उच्चारलेल्या नामाचे बळ दिसते.

तिबेट, लडाख, लाहौल-स्पिती, किन्नौर, नेपाळचा उत्तर भाग, सिक्कीम, भूतान, अरुणाचलातले तवांग, मंगोलिया आणि रशियातले बुर्यात व काल्मिक लोक, एवढा मोठा या चक्राचा प्रदेश आहे. हातातले चक्र सर्वांच्या ओळखीचे: लाकडी मूठ, वर डबीएवढा दंडगोल, त्याला साखळीने जोडलेले छोटे वजन. मनगट हलकेच फिरवले की वजन बाहेर खेचले जाते आणि गती टिकते. मूठ आणि दंडगोल एकमेकांवर घासू नयेत म्हणून जुन्या चक्रांत शंखाची चकती बसवलेली आढळते. गोम्पांच्या, म्हणजे बौद्ध मठांच्या, भिंतीत आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर चक्रांच्या रांगा असतात. काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून मोठे एकच चक्र स्वतंत्र खोलीत उभे असते. फेरा पूर्ण झाला की वरचा दांडा घंटेवर आपटतो. लडाखात आणि भूतानात ओढ्यावरची चक्रे आहेत. त्यांची रचना डोंगराळ मुलखातल्या पाणचक्कीसारखीच: खाली पाण्याने फिरणारे पंखे, उभा आस, आणि जात्याच्या जागी मंत्रांचे पिंप. वाऱ्यावर फिरणारी चक्रे असतात, तशीच दिव्याच्या ज्योतीवरच्या गरम हवेने फिरणारी कागदी चक्रेही.

चक्र फिरवायचे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मंदिराची प्रदक्षिणाही त्याच दिशेने होते आणि सूर्याची चालही तीच, हे कारण नेहमी सांगितले जाते. त्याखेरीज एक साधे कारण चक्रासमोर उभे राहिले की दिसते. तिबेटी लिपी डावीकडून उजवीकडे लिहितात. चक्र या दिशेने फिरते तेव्हा समोरची बाजू डावीकडे सरकते, म्हणून अक्षरे पाहणाऱ्यापुढून वाचनाच्या क्रमानेच जातात. उलटे फिरवले तर मंत्र शेवटाकडून सुरुवातीकडे जातो. प्रदक्षिणेच्या वाटेवरची रचनाही अशीच नेमकी आहे. देऊळ उजव्या हाताला ठेवून चालणाऱ्याने उजव्या हाताने चक्र पुढे ढकलले की ते आपोआप योग्य दिशेने फिरते. जो उलट्या वाटेने निघतो त्याच्या हातून चक्रेही उलटी फिरतात. तिबेटातले बोन धर्माचे अनुयायी मात्र प्रदक्षिणा आणि चक्र दोन्ही विरुद्ध दिशेने करतात. त्यांच्या परंपरेत तीच योग्य दिशा आहे.

चक्राचा उगम परंपरा नागार्जुनाशी जोडते. नागलोकातून त्यांनी हे साधन आणले आणि भारतातून ते तिबेटात गेले, अशी ती कथा. इतिहासाची वाट ग्रंथांच्या दालनातून जाते. चीनमध्ये सहाव्या शतकातल्या फू शी या गृहस्थ उपासकाला फिरत्या ग्रंथकपाटाचा जनक मानतात. बौद्ध ग्रंथांचा पसारा मोठा, वाचता येणारे थोडे. म्हणून सगळे ग्रंथ एका फिरत्या कपाटात ठेवायचे आणि भाविकाने ते कपाट श्रद्धेने फिरवायचे, अशी योजना. ११०३ मध्ये छापल्या गेलेल्या ‘यिंगझाओ फाशी’ या चिनी बांधकामग्रंथात अशा कपाटाची मापे दिली आहेत. हपै प्रांतात झेंगडिंग येथील लाँगशिंग मंदिरात सोंग काळातले असे कपाट आजही उभे आहे. १९३३ मध्ये वास्तुइतिहासकार लियांग सचंग यांनी त्या मंदिराची पाहणी केली. जपानमध्ये या कपाटांना रिन्झो म्हणतात आणि त्यांच्यापुढे अनेकदा फू शी आणि त्यांच्या दोन मुलांच्या मूर्ती असतात. भारतातलाही एक धागा आहे. नालंदा येथे सापडलेल्या, विपुलश्रीमित्र या भिक्षूच्या संस्कृत शिलालेखात प्रज्ञापारमिता ग्रंथ अखंड फिरता राहील अशा कोशाचा उल्लेख असल्याचे ग्रेगरी शोपेन यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. फिरते पुस्तक आधी, हातातले चक्र नंतर, असा क्रम मानायला या सगळ्यातून चांगला आधार मिळतो. आणि हा क्रम मान्य केला की मणीचक्र यंत्रांच्या इतिहासात न बसता ग्रंथांच्या इतिहासात जाऊन बसते. बाहेरून आलेल्या बहुतेक पाहुण्यांच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटली.

निसटण्याची सुरुवात एका भाषांतरातून झाली. चिनी यात्रेकरू फाहियान इ.स. ४००च्या सुमारास हिमालयापलीकडच्या मुलखातून भारतात आला. त्याच्या वृत्तान्ताचे आबेल-रेम्युझा यांचे फ्रेंच भाषांतर १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तिथले श्रमण विलक्षण प्रभावाची चक्रे वापरतात, असे वाक्य आले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८५४च्या ‘लडाख’ या ग्रंथात ते प्रमाण मानले, आणि कुशाणांच्या नाण्यांवरील एका आकृतीच्या हातातही त्यांना मणीचक्र दिसले. १८८६ मध्ये जेम्स लेग यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात त्या जागी चक्र नाही, भिक्षूंच्या आचारनियमांचा उल्लेख आहे. तरीही ‘फाहियानने लडाखमध्ये मणीचक्रे पाहिली’ हे विधान प्रवासमार्गदर्शिकांतून आजतागायत फिरते आहे. ते पुन्हा छापण्यात अर्थ नाही.

युरोपीय पाहुण्यांना मंत्र आधी ऐकू आला, चक्र पुढे दिसले. फ्रान्सिस्कन साधू विल्यम ऑफ रुब्रुक १२५३ ते १२५५ या काळात मोंगल खान मोंगके याच्या दरबारापर्यंत गेला. बौद्ध भिक्षू हातात माळ घेऊन एक मंत्र सतत पुटपुटतात, हे त्याने टिपून ठेवले आणि मंत्राचे उच्चारही आपल्या परीने लिहिले. १६६१ मध्ये योहान ग्रूबर आणि अल्बेर दोरव्हिल हे जेझुइट पेकिंगहून निघाले आणि ल्हासामार्गे भारतात आले. त्यांच्या टिपणांवरून अथानासिउस किर्खर यांनी रोममध्ये बसून १६६७चा ‘चायना इलुस्ट्राटा’ लिहिला आणि त्यात मंत्रातल्या शब्दांतून ‘मणिपे’ नावाची एक देवताच उभी केली. १७१६ ते १७२१ या काळात तिबेटात राहून तिबेटी भाषा शिकलेल्या इप्पोलितो देसिदेरी यांनी मंत्राचा अवलोकितेश्वराशी असलेला संबंध नीट मांडला, परंतु त्यांचे लेखन पुढची दीडशे वर्षे छापलेच गेले नाही. ज्याने पाहिले आणि समजून घेतले त्याचे हस्तलिखित कपाटात राहिले, ज्याने पाहिलेच नाही त्याचे पुस्तक युरोपभर वाचले गेले. मणीचक्राविषयीच्या युरोपीय समजाला या उलट्या न्यायाचा फटका दीर्घकाळ बसला.

१७६८ ते १७७४ या काळात पीटर सायमन पालास रशियाच्या शास्त्रीय मोहिमेबरोबर व्होल्गा आणि सायबेरियाच्या मुलखात हिंडले. काल्मिक आणि मंगोल लोकांच्या धर्माचरणाविषयी त्यांनी बारकाईने लिहिले. असल्या वर्णनांतून काल्मिकांच्या फिरत्या चक्राची गोष्ट युरोपातल्या वाचकांपर्यंत गेली. टॉमस कार्लाइल यांनी १८४३च्या ‘पास्ट अँड प्रेझेंट’मध्ये तिचा उपयोग आपल्याच देशातल्या निर्जीव कर्मकांडावर कोरडे ओढण्यासाठी केला. कार्लाइल काल्मिकांच्या मुलखात कधी गेले नव्हते. इंग्लंडमध्ये तेव्हा वाफेच्या यंत्रांवर गिरण्या चालत होत्या आणि यंत्राने माणसाचे मन बधिर होते ही भीती तिथल्या विचारवंतांना छळत होती. फिरणारे पिंप दिसताच त्यांना गिरणीच आठवली, यात नवल नाही. पण काल्मिक उपासकाच्या मनात काय चालते हे विचारण्याची तसदी त्यांनी घेतली नाही, हे नोंदवायला हवे.

याच काळात एका पाहुण्याने मात्र चक्राच्या आत हात घातला. पावेल शिलिंग हे रशियन सरकारचे अधिकारी आणि पौर्वात्य भाषांचे अभ्यासक. विद्युतचुंबकीय तारयंत्र तयार करणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचे नाव घेतले जाते. १८३० ते १८३२ या काळात ते चीनच्या सीमेवरील क्याख्ता परिसरात होते. तिथल्या बुर्यात लामांना दहा कोटी मंत्रांचे एक मोठे चक्र उभारायचे होते. अशा चक्राला तिबेटीत ‘मणी दुंगखोर’ म्हणतात. लाकडी ठशांवर एवढे मंत्र छापायला किती वर्षे लागतील, ही लामांची अडचण होती. शिलिंग यांनी पीटर्सबर्गमध्ये छपाई करून देण्याचे कबूल केले. प्रत्येक तावावर २,५०० वेळा मंत्र येईल अशा बारीक अक्षरांत ताव छापून आले आणि कृतज्ञतेपोटी लामांनी त्यांना कंजूर, म्हणजे तिबेटी बुद्धवचनांचा संग्रह, दिला. हिशेब सोपा आहे: दहा कोटींसाठी असे ४०,००० ताव लागतात. लामांना नव्या छापखान्याचा संकोच वाटला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने अक्षर शुद्ध असणे महत्त्वाचे होते. ते लाकडाच्या ठशातून आले की शिळाछापातून, हा प्रश्न गौण होता. मणीचक्राच्या साऱ्या प्रवासवृत्तांमध्ये इतकी समजूतदार देवघेव क्वचितच वाचायला मिळते.

एव्हारिस्त ह्यूक आणि जोसेफ गाबे हे फ्रेंच मिशनरी १८४४ ते १८४६ या काळात मंगोलियातून ल्हासापर्यंत गेले. ह्यूक यांचे प्रवासवर्णन १८५० मध्ये पॅरिसमध्ये छापले गेले आणि अनेक भाषांत गेले. त्यात कुंबुम मठातला एक प्रसंग आहे. एका भिक्षूने मोठे चक्र फिरवले आणि तो आपल्या खोलीकडे निघाला. दुसऱ्याने ते थांबवून स्वतःच्या नावाने पुन्हा फिरवले. पहिला परतला, त्यानेही तेच केले. शब्दाने शब्द वाढला आणि दोघे हातघाईवर आले. शेवटी एक वृद्ध लामा बाहेर आला आणि त्याने दोघांच्याही वतीने चक्र फिरवून भांडण मिटवले. युरोपात हा प्रसंग चेष्टेचा विषय झाला. वृद्ध लामाच्या शहाणपणाकडे फार थोड्यांनी पाहिले: पुण्य एका माणसाच्या खात्यावर जमा होत नाही, सर्व जिवांसाठी अर्पण करायचे असते, हे महायानाचे मूळ सूत्र त्याने कृतीतून त्या दोघांना दाखवले होते.

हिंदुस्थानी पाहुण्यांचा चक्राशी आलेला संबंध वेगळाच आहे. कुमाऊँमधल्या जोहार खोऱ्यातील मिलम गावचे नैनसिंह रावत हे शाळामास्तर होते, म्हणून त्यांना ‘पंडित’ म्हणत. भारतीय सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन टॉमस जॉर्ज माँटगोमेरी यांनी त्यांना तिबेटच्या गुप्त मोजणीसाठी तयार केले. १८६५ मध्ये नैनसिंह नेपाळमार्गे निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. त्यांच्या माळेत १०८ऐवजी १०० मणी होते, शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. मणीचक्राच्या आत मंत्रांच्या पट्ट्यांऐवजी लांब कोरे कागद होते. दिशा, अंतरे आणि वाटेवरची गावे त्यांवर टिपली जात. कोणी जवळ आले की ते चक्र फिरवू लागत, कारण जपात असलेल्या माणसाशी बोलायला सहसा कोणी येत नसे. सीमेवरचे अधिकारी सामानाची कसून झडती घेत, पण चक्र उघडून पाहत नसत. त्या एका सभ्यतेच्या आधाराने ल्हासाचे अक्षांश आणि उंची पहिल्यांदाच नकाशावर आली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंहांना सुवर्णपदक दिले. त्यांच्या चिकाटीला आणि धैर्याला तोड नाही. पण ज्या विश्वासामुळे तिबेटी पहारेकऱ्याने त्या डबीला हात लावला नाही, त्याचा वापर साम्राज्याच्या कामासाठी झाला, हेही त्याच इतिहासात लिहिलेले असले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिमला आणि दार्जिलिंग ही थंड हवेची ठिकाणे वसली आणि उत्तरार्धात तिबेटच्या सीमेपर्यंत जाणे सोपे झाले. मुंबईच्या वाचकाला ओळखीचे वाटेल असे या काळातले एक नाव म्हणजे अँड्र्यू विल्सन. विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांचे हे पुत्र. मुंबईत ते वृत्तपत्राचे संपादक होते. सिमल्याहून किन्नौर, स्पिती, झंस्कार आणि काश्मीर असा प्रवास करून त्यांनी १८७५ मध्ये ‘द अबोड ऑफ स्नो’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. १८८९ मध्ये लडाखला गेलेल्या इसाबेला बर्ड यांनीही तिथली मणीचक्रे पाहून लिहून ठेवली. पाहुण्यांच्या या पिढीचा सूर एकंदरीत उपहासाचा होता. ऑक्सफर्डचे संस्कृत पंडित मोनिअर मोनिअर-विल्यम्स यांनी १८८९च्या बौद्ध धर्मावरील ग्रंथात चक्राला यांत्रिक प्रार्थनेचा नमुना ठरवले. एल. ए. वॉडेल यांनी दार्जिलिंगला एक लामा मंदिर त्यातल्या साहित्यासह विकत घेतले, लामांकडून एकेक विधी समजून घेतला आणि १८९५ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. माहितीच्या दृष्टीने तो आजही उपयोगी आहे. सहानुभूतीच्या दृष्टीने मात्र रिता आहे. पुढच्याच वर्षी चित्रकार विल्यम सिम्प्सन यांचा ‘द बुद्धिस्ट प्रेइंग-व्हील’ आला. हिमालयात स्वतः हिंडलेल्या सिम्प्सन यांनी हेटाळणी बाजूला ठेवली आणि चक्राची सांगड वैदिक प्रदक्षिणेशी, सूर्याच्या गतीशी, जगभरच्या वर्तुळाकार विधींशी घातली. त्यांची काही अनुमाने टिकली नाहीत. तरी या वस्तूकडे आदराने पाहून तिच्यावर अख्खे पुस्तक लिहिण्याचे श्रेय त्यांचेच आहे.

उपहास करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा की मन दुसरीकडे आणि हात चक्रावर, हे कसले भजन? तिबेटी आचार्यांची शिकवण या आक्षेपाला आधीच उत्तर देते. चक्र फिरवताना शरीर, वाणी आणि मन तिन्ही कामी लावायचे: हाताने फेरा, ओठांनी मंत्र, मनात सर्व जिवांचे दुःख दूर व्हावे हा भाव. नुसता हात चालला तर फळ तेवढेच कमी. पाण्यावरच्या चक्राचे स्पष्टीकरण वेगळे आहे. मंत्राला स्पर्शून पुढे वाहणारे पाणी ज्याला ज्याला शिवेल त्या किड्यामुंग्यांचेही कल्याण व्हावे, ही त्यामागची भावना. ओढ्यावर चक्र बांधणाऱ्याला स्वतःचे कष्ट वाचवायचे नसतात. माणसाचा हात जिथे पोहोचत नाही तिथे मंत्र पोहोचवायचा असतो.

१९५९ नंतर तिबेटातले हजारो लोक भारतात, नेपाळात आणि भूतानात आले आणि चक्रही त्यांच्याबरोबर आले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिबेटातले मठ उद्ध्वस्त झाले, ठसे आणि ग्रंथ जाळले गेले. त्यामुळे नव्या वसाहतींतल्या चक्रांना वेगळेच मोल आले. धर्मशाळा, बैलकुप्पे या वसाहती सर्वांना ठाऊक असतात. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत वसली, हे फार थोड्यांना माहीत असते. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुले झाले, आणि आज मराठी कुटुंबे लेह, गंगटोक, थिंफू, काठमांडूला मोठ्या संख्येने जातात. बौद्धनाथ स्तूपाभोवतीच्या कोनाड्यांत, हेमिसच्या अंगणात, थिंफूच्या स्मारक छोर्तेनपाशी बसलेल्या वृद्धांच्या हाती ही चक्रे त्यांना दिसतात. चीनच्या गान्सू प्रांतातल्या लाब्रांग मठाभोवती चक्रांची वाट सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. कागदाचे रूपही बदलत गेले. डॅफ्नीच्या सालीपासून किंवा स्टेलेराच्या मुळापासून केलेला, किडीला दाद न देणारा हातकागद मागे पडला, यंत्रावर छापलेला पातळ कागद आला, आणि अलीकडे मायक्रोफिल्मवर अब्जावधी मंत्र एका लहान डबीत बसू लागले. शिलिंग यांच्या तावांपुढचे हे पाऊल आहे आणि लामांची भूमिका तेव्हा होती तीच आहे.

पाहुणा म्हणून जाणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. चक्र उजव्या हाताने फिरवावे, देऊळ उजवीकडे ठेवून चालावे, दुसऱ्याने फिरवलेले चक्र थांबवू नये, फोटोसाठी रांग अडवू नये. बाजारात चक्र विकत घेताना आत मंत्राची पट्टी आहे का, हे दुकानदाराला विचारावे. पुष्कळ चक्रे रिकामी विकली जातात आणि रिकामे चक्र म्हणजे केवळ शोभेची डबी. जुने, वापरातले चक्र हाती आले तर कुतूहलापोटी त्याचे झाकण उघडू नये. उघडलेच, तर आतली पट्टी जमिनीवर ठेवू नये आणि ओलांडू नये. तिबेटी घरांत मंत्र लिहिलेल्या प्रत्येक कागदाला हा मान मिळतो.